नगरीची पूर्वकथा आणि हक्काचे आख्यान

वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली संपादित केलेली ‘महिकावतीची बखर’ माहीमची पूर्वकथा सांगते : बिंब राजा आला, त्याने राजधानी वसवली, सोबत कुळे आणली. बखरीची प्रकरणे वेगवेगळ्या काळांतली. त्यांत बिंबाचे मूळ आणि कालनिर्देश जुळत नाहीत. इतिहाससंशोधकाला ही विसंगती दोष वाटते. समीक्षेने तिच्यातच संहितेचा गाभा शोधावा. कल्पित प्रदेशाच्या अद्भुत आख्यानात नगरीची पूर्वकथा त्या जगाला खोली देते. येथे ती कुळांच्या गोत्रांना आणि वतनांना आधार पुरवते. हक्क सांगायचा, तर राजाची कथाही पुन्हा सांगावी लागते. म्हणून ‘खरा बिंब कोणता?’ यापेक्षा ‘कोणाला कोणता बिंब हवा होता?’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.