सह्याद्रीतील आगगाडी आणि ‘आल्प्स’चा संकेत : सहल-पत्रकाच्या गद्याचे परीक्षण

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा पुष्कळ झाली आहे. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) पासून पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ (१९६०) पर्यंतची आणि तेथून पुढची वाट अभ्यासकांनी वारंवार तुडवली आहे. परंतु प्रवास घडून गेल्यावर लिहिले जाणारे गद्य आणि प्रवास घडण्यापूर्वी लिहिले जाणारे गद्य या दोन भिन्न जाती आहेत, आणि दुसऱ्या जातीकडे समीक्षेने अद्याप ढुंकूनही पाहिलेले नाही. सहलीचे पत्रक, त्यातील दिवसवार आखणी व त्याला जोडलेली दोन-चार विशेषणे यांना वाङ्मय म्हणण्याचे कारण नाही हे खरे. तथापि कोणताही एक प्रवासवर्णनकार जितक्या वाचकांपर्यंत पोहोचला नसेल तितक्यांपर्यंत हे गद्य पोहोचते, आणि डोंगराकडे कसे पाहावे याचे वळण वाचकाला तेच लावते. येथे त्याची एकच शाखा परीक्षणास घेतली आहे : निसर्ग पाहण्यासाठी केलेली आगगाडीची छोटी सहल.

परीक्षणासाठी थेरगाव हे स्थळ सोयीचे आहे. पवनेच्या काठचे हे गाव आता पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग झाले असून डांगे चौकाच्या आसपास महाराष्ट्राच्या सर्व विभागांतून आलेली कुटुंबे राहतात. औद्योगिक पट्ट्यातील साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्यामुळे सहलीची आखणी बुधवारी रात्री घरात होते. चाकणला २००९ मध्ये जर्मन मोटार-कारखाने सुरू झाले, आणि कामानिमित्त युरोपात जाऊन येणारा एखादा अभियंता येथे आता शेजारीपाजारी सहज आढळतो. यामुळे एकाच घरात दोन आखण्या संभवतात : एक गुरुवारची, खंडाळ्याच्या घाटाची, दुसरी वर्षाकाठची, आल्प्सची. दोहोंसाठी मिळणारी पत्रके मात्र जवळजवळ एकाच भाषेत लिहिलेली असतात. दोष नेमका येथून सुरू होतो.

प्रथम क्रियापदांचा विचार करावा. पत्रकात क्रियापद बहुधा नसतेच. ‘प्रयाण’, ‘आगमन’, ‘मुक्काम’, ‘स्थलदर्शन’ अशी संस्कृत नामे एकापुढे एक मांडलेली असतात. ती कोणी करावयाची हे सांगितलेले नसते. फार तर ‘पर्यटकांनी’ असा तृतीयान्त कर्ता एखाद्या सूचनेपुरता डोकावतो. याउलट घरात बोलली जाणारी आखणी ‘-यचे’ या रूपावर चालते : साडेसहाला निघायचे, लोणावळ्याला उतरायचे, तेथून पुढची गाडी धरायची. येथेही कर्ता उच्चारलेला नाही. पण तो ‘आपण’ आहे हे ऐकणाऱ्या प्रत्येकास कळते. मराठीतील ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद येथे पूर्ण बळाने काम करतो. ‘-यचे’ या रूपात संकल्प आहे आणि थोडी सक्तीही आहे, परंतु ती सक्ती सर्वांनी मिळून स्वीकारलेली असते. आजी, मुले व दुसऱ्या पाळीहून नुकताच परतलेला मनुष्य या सर्वांना ते एक रूप सामावून घेते. पत्रकाचे ‘प्रयाण’ कोणासच सामावून घेत नाही. त्याच्या बाजूने इतके म्हणता येईल की ते थोडक्यात असते व वेळेच्या बाबतीत चोख असते.

दुसरा मुद्दा ‘पाहणे’ व ‘दिसणे’ यांचा. पत्रकात सर्व काही ‘पाहावयाचे’ असते. गाडीच्या खिडकीतून मात्र गोष्टी ‘दिसतात’, आणि ज्याला दिसते तो मराठीत चतुर्थीत जातो : मला दरी दिसली. कर्तृत्व दरीकडे राहते. बोरघाटाच्या १८६३ मधील मूळ मार्गावर २५ बोगदे होते. म्हणजे प्रवाशाला दरी सलग दिसतच नव्हती, काळोखाच्या पडद्यांमधून ती तुकड्यातुकड्यांनी समोर येत होती. आजही बोगदा आला की डब्यातील मुले एकसुरात ओरडतात व उजेड आला की गप्प होतात. या उघडझापीचा उल्लेख पत्रकात कोठेही सापडत नाही. तेथे ‘नयनरम्य’ हे एकच विशेषण सर्व बोगद्यांतून न थांबता पलीकडे जाते. आषाढात धुके उतरले म्हणजे खंडाळ्याच्या खाली पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. ‘दिसेल की नाही’ ही शंका ज्या आखणीत नाही ती घाटाची आखणीच नव्हे. २०१९ च्या पावसाळ्यात व त्यानंतर मंकी हिल ते नागनाथ या पट्ट्यात मार्गाची हानी होऊन पुणे-मुंबई गाड्यांचे वेळापत्रक कित्येक दिवस कोलमडले होते. घाटात डोंगराचाही शब्द चालतो.

आता ‘आल्प्स’च्या संकेताकडे वळावे. ‘महाराष्ट्राचे स्वित्झर्लंड’, ‘मिनी काश्मीर’, ‘महाराष्ट्राचे चेरापुंजी’ ही षष्ठीची उपमा पर्यटनाच्या मराठीत इतकी रुळली आहे की ती उपमा आहे याचाही विसर पडला आहे. या रचनेत एक पद मूळ ठरते व दुसरे त्याची प्रत. दिशा नेहमी एकच असते. बेर्निनाला ‘आल्प्सचा बोरघाट’ असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. कालक्रम पाहिला तर तसे म्हणणे मुळीच हास्यास्पद ठरू नये. ऑस्ट्रियातील झेमेरिंग मार्ग १८५४ मध्ये खुला झाला, म्हणून पहिलेपणाचा मान आल्प्सचाच. पण त्यापाठोपाठ १८६३ मध्ये बोरघाट पूर्ण झाला. ब्रेनरचा मार्ग १८६७ चा, गोटहार्डचा १८८२ चा आणि आज ज्याच्या छायाचित्रांनी पत्रके सजलेली असतात तो बेर्निना मार्ग १९१० चा. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढणारा, ३७ फुटांस एक फूट अशा चढणीचा हा घाटमार्ग जेम्स बर्कली या अभियंत्याच्या देखरेखीखाली बांधला गेला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मरण पावल्यावर त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम तडीस नेले, आणि हजारो मजुरांनी, ज्यांतील फार मोठी संख्या पटकी व ताप यांना बळी पडली, तो कातळ फोडला. १८५८ ते १८६३ या काळात खंडाळ्यापर्यंत व पायथ्यापर्यंत आगगाडी आली होती; मधला घाट मात्र पालखी, तट्टू वा पायी उतरावा लागे. चढण तोलूनमापून पाहिली तर बेर्निना अधिक बिकट आहे यात संशय नाही : दातेरी रुळाशिवाय हजारास सत्तर इतकी चढण आणि २,२५३ मीटरची उंची. परंतु एक मार्ग दुसऱ्याची प्रत आहे असे यातून निघत नाही.

नावांच्या बाबतीत हा संकेत अधिक नुकसान करतो. खंडाळ्याजवळचा जो सुळका मराठीत ‘नागफणी’ आहे त्याला पत्रकांत ‘ड्यूक्स नोज’ म्हणतात. नाक वेलिंग्टनच्या ड्यूकचे. एकाला त्या दगडात फणा दिसला, दुसऱ्याला सेनापतीचे नाक, आणि दोन्ही दृष्टी त्या त्या समाजाच्या आहेत. तक्रार एवढीच की मराठीत लिहिणाऱ्याने दुसरी दृष्टी निवडावी व पहिली कंसातही देऊ नये. स्वतः घाटाचे नावही असेच घसरले. मराठी उच्चार ‘बोरघाट’. इंग्रजी लेखनातून परत आलेला ‘भोर घाट’ ऐकणाऱ्याला पुण्याच्या दक्षिणेकडील भोर गावाकडे पाठवतो, ज्याचा या मार्गाशी संबंध नाही. ‘पॉइंट’ या शब्दाने तर ‘टोक’, ‘कडा’ व ‘सुळका’ हे तिन्ही शब्द गिळले. माथेरानला जाणाऱ्या, १९०७ मध्ये सुरू झालेल्या अडीच फुटांहूनही अरुंद रुळांच्या गाडीच्या पत्रकात ‘पॉइंटां’ची यादी असते, परंतु त्या स्थळाचे नाव ‘माथ्यावरचे रान’ असे सरळ उलगडते हे वाक्य क्वचितच आढळते.

आल्प्सच्या पत्रकांतही हीच हानी उलट्या बाजूने होते. कूरहून तिरानोला जाणारी गाडी चार तासांत तीन भाषांतून जाते : प्रारंभी जर्मन, एंगाडिनच्या खोऱ्यात रोमान्श, आणि खिंड ओलांडून पोस्कियावोकडे उतरली की इटालियन. स्थानकांची नावे वाचत गेले तरी ती सीमा कळते. ‘आल्प’ या शब्दाचा तेथील अर्थही बर्फाचे शिखर हा नाही, तर उन्हाळ्यात गुरे नेण्याचे उंचावरचे कुरण हा आहे. सह्याद्रीच्या पठारांवर हिंडणाऱ्या धनगराला तो चटकन समजेल. मराठी पत्रकात हे सारे ‘स्विस’ या एका शब्दात आटोपते. ज्यावर प्रवाशाचे पैसे खर्च होतात त्या मोठ्या काचांच्या डब्यांच्या खिडक्या उघडत नाहीत, आणि त्याच रुळांवरून साध्या प्रादेशिक गाड्याही धावतात, हे उपयुक्त ज्ञानही तेथे नसते. घाटात २०२१ पासून डेक्कन एक्सप्रेस व डेक्कन क्वीन या गाड्यांना काचेच्या छताचा ‘व्हिस्टाडोम’ डबा लागला. त्याविषयीचे गद्यही अनुभवापेक्षा डब्याचेच वर्णन करते, हे योगायोगाने घडलेले नाही.

भाषांची सीमा बोरघाटातही आहे. वर मावळी बोली, खाली कर्जतच्या बाजूस आगरी, आणि दोहोंच्या मध्ये उतारावर ठाकर व कातकरी यांच्या वाड्या. ठाकूरवाडी या स्थानकाच्या नावातच ते लिहिलेले आहे. पाण्याची सीमाही तेथेच आहे. डोंगररांगेच्या पूर्वेस पडलेले पाणी पवनेतून थेरगावावरून वाहत जाऊन शेवटी पूर्व समुद्रास मिळते. पश्चिमेस पडलेले उल्हासातून कल्याणकडे जाते. थेरगावच्या कुटुंबाने लोणावळ्याची लोकल धरली म्हणजे ते आपल्याच नदीच्या उगमाकडील प्रदेशात चाललेले असते. लोकल लोणावळ्यास संपते. पुढचे सुमारे २८ किलोमीटर, कर्जतपर्यंत, उपनगरी गाडी नाही, म्हणून तेथे लांब पल्ल्याची गाडी पकडावी लागते. सहलीचा गाभा असलेला तुकडा नेमका तोच, आणि पत्रकात तो ‘घाटमार्गे’ या एका शब्दात बसवलेला असतो.

त्या तुकड्यात रेल्वेच्या कामगारांची स्वतंत्र मराठी आहे. चढत्या गाडीला कर्जतला मागून जोडलेली इंजिने म्हणजे ‘बँकर’. उतारावर ताबा सुटलेल्या गाडीस चढावर वळवून थांबवणारी लोहवाट म्हणजे ‘कॅच सायडिंग’. आणि सर्वांत विलक्षण ‘अप’ व ‘डाउन’. रेल्वेच्या संकेतानुसार मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’, म्हणून पुण्याहून निघून घाट उतरणारी गाडी कागदावर ‘वर’ जाते आणि घाट चढणारी ‘खाली’ येते. देशावरचा मराठी माणूस मात्र शतकानुशतके ‘कोकणात उतरतो’ व ‘घाटावर येतो’. त्याच्या भाषेत डोंगर हाच मापदंड आहे, राजधानी नव्हे. फलाटावर हे दोन्ही संकेत रोज एकमेकांवर आदळतात, आणि तरीही कोणाची गाडी चुकत नाही. दोन भाषिक व्यवस्था एकाच वक्त्यापाशी संघर्षावाचून नांदतात याचे इतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात दुसरे मिळणे कठीण.

हे शब्दभांडार अद्याप कोणत्याही संग्रहात पद्धतशीर आलेले नाही. जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ या नावांचे स्थानिक उच्चार, रुळांवर गस्त घालणाऱ्या कामगारांचे धुके, दरड व उतार यांविषयीचे शब्द, आणि आसपासच्या वाड्यांतील लोक आगगाडीच्या वेळांवरून दिवसाचे प्रहर कसे सांगतात, एवढे तीनच विषय घेतले तरी एका प्रबंधाचे काम होईल. थेरगावाहून हे क्षेत्र एका सकाळच्या अंतरावर आहे. मात्र पावसाळ्यापूर्वी जावे. त्यानंतर ध्वनिमुद्रणात पाण्याच्या आवाजाखेरीज फारसे काही हाती लागणार नाही.