दोन कर्णांची रील

स्कॉटिश कंट्री डान्सच्या बॉलमध्ये कोणती नृत्यं असणार हे आधीच ठरलेलं असतं. वर्गात ती घोटून घेतली जातात, कारण बॉलच्या रात्री नृत्यापूर्वी फार तर दोन-चार वाक्यांची उजळणी होते. अशा तयारीत मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘रील ऑफ द फिफ्टी-फर्स्ट डिव्हिजन’.

जून १९४० मध्ये फ्रान्समधल्या सँ-वालेरी-आं-को इथं ५१व्या हायलँड डिव्हिजनला शरण जावं लागलं. कैद झालेले लेफ्टनंट जिमी ॲटकिन्सन यांच्या कल्पनेतून आणि सोबत्यांच्या हातभारानं हे नृत्य आकाराला आलं. बव्हेरियातल्या लाउफेनच्या छावणीत ते पुरुषांनीच केलं.

चार जोड्या, ३२ बारांचं आवर्तन, ते आठ वेळा. सुरुवातीचे आठ बार परिचित वळणाचे: पहिली जोडी जागेवर पदन्यास करते, बाहेरून दोन जागा खाली उतरते, मधून वर येते. खरी रचना नवव्या बारापासून सुरू होते. जोडीतला प्रत्येक जण आपल्या पहिल्या कोपऱ्यातल्या माणसासमोर पदन्यास करून उजव्या हातानं त्याला वळवतो. इतर नृत्यांच्या सवयीनं हात इथं सुटायला बघतो. इथं तो सोडायचा नाही. डावा हात जोडीदाराला दिला की चौघांची तिरपी रांग उभी राहते, आणि दोन बार ती तिथंच झुलते. धावत्या रीलमधलं हे थांबणं मला विलक्षण वाटतं. मग कोपऱ्यांचे हात सुटतात, जोडी डाव्या हातानं फिरते आणि हाच खेळ दुसऱ्या कर्णावर होतो.

दोन कर्ण मिळून सेंट अँड्र्यूचा क्रॉस होतो, स्कॉटलंडच्या झेंड्यावरचा. पण तो जमिनीवर एकाच वेळी कधीच पुरा दिसत नाही. एक रेघ विरते तेव्हा दुसरी उमटते. जोडायच्या त्या पाहणाऱ्यानं, मनात. बंदिवानांच्या नृत्यात ध्वज असा दडलेला असावा, यातच या रचनेची प्रतिभा आहे.

म्हणून शिकवणाऱ्यांना एकच विनंती: वेळ कमी असेल तर शेवटचं सहा जणांचं वर्तुळ घाईनं उरका, ते सगळ्यांना येतं. तिरपी रांग मात्र संगीताशिवाय चालवून घ्या, आणि दोन बार पुरते झाल्याशिवाय कोपऱ्याचा हात सोडू देऊ नका.