परतीची किंमत कोणी मोजली?

तय्यब सालिह यांची ‘उत्तरेकडे स्थलांतराचा मोसम’ ही १९६६ सालची अरबी कादंबरी. सुदानचा मुस्तफा सईद लंडनला जातो, अर्थशास्त्र शिकवतो, इंग्रज पत्नीचा खून करतो, सात वर्षं तुरुंग भोगतो आणि शेवटी नाईलकाठच्या खेड्यात येऊन शेती करतो. समीक्षक म्हणतात, हा साम्राज्यावर उगवलेला सूड. बरं, तसं मानू.

मग त्याच्या कुलूपबंद खोलीचं काय? तापलेल्या सुदानात तिथे इंग्रजी पद्धतीची शेकोटी आहे. भिंतभर पुस्तकं, अरबी एकही नाही. कुराणसुद्धा इंग्रजीत! म्हणजे माणूस परतला, पण लंडन कुलपात जपून ठेवलं.

मला त्याहून खटकते ती हुस्नाची गोष्ट. ही त्याची गावातली बायको. उत्तरेला कधी गेलीच नाही. तो नाहीसा झाल्यावर एका म्हाताऱ्याशी तिचं बळजबरीनं लग्न लावतात. ती त्याला मारते, स्वतःही मरते. निवेदक तिला वाचवू शकला असता. तोही इंग्लंडात शिकून आलेला. पण वेळेवर काहीच करत नाही.

नुसता सूड म्हणून वाचलं, की हुस्ना तळटीप होते. स्थलांतराचा हिशेब जाणाऱ्यापाशी संपत नाही. तो मागे राहिलेल्यांपर्यंत न्यावा लागतो.