लुईझियानातील १८७२ ची गव्हर्नरपदाची निवडणूक आणि इतिहासलेखन : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
अमेरिकेतील यादवी युद्धानंतरचा १८६५ ते १८७७ हा कालखंड ‘पुनर्रचनेचा काळ’ म्हणून ओळखला जातो. या काळात लुईझियाना राज्यात झालेल्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीविषयीच्या इतिहासलेखनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घटनाक्रम :
रिपब्लिकन पक्षाचे विल्यम केलॉग आणि डेमोक्रॅट व असंतुष्ट रिपब्लिकन यांच्या आघाडीचे जॉन मॅकेनरी यांच्यात ही लढत झाली. परस्परविरोधी मतमोजणी मंडळांनी वेगवेगळे विजयी उमेदवार घोषित केले. जानेवारी १८७३ मध्ये दोघांनीही शपथ घेतली. केंद्र सरकारने केलॉग यांना मान्यता दिली. ग्रँट पॅरिश या जिल्ह्यात हाच वाद शेरीफ व न्यायाधीश या पदांवरून पेटला. १३ एप्रिल १८७३ रोजी कोलफॅक्स येथील न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर सशस्त्र गोऱ्यांनी हल्ला केला. मृतांची संख्या साठ ते दीडशे सांगितली जाते. त्यांपैकी अनेकांना शरण आल्यानंतर ठार मारण्यात आले.

चिकित्सा :
विल्यम डनिंग यांच्या परंपरेतील इतिहासकारांनी हा काळ भ्रष्ट कारभाराचा ठरविला. भ्रष्टाचार झालाच नाही, असे नव्हे. परंतु त्याचे खापर कृष्णवर्णीयांच्या मताधिकारावर फोडणे हा या मांडणीतील मूलभूत दोष होय. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये व एरिक फोनर यांनी १९८८ मध्ये तिचे सप्रमाण खंडन केले. तथापि कोलफॅक्स येथील शासकीय फलक २०२१ पर्यंत या हत्याकांडास ‘दंगल’च म्हणत राहिला. ‘दंगल’ म्हटले की मारणारा आणि मरणारा एकाच पातळीवर येतात.

‘खरा विजयी कोण?’ हा प्रश्नही अपुराच आहे. जेथे मतदानात दहशत आणि मोजणीत लबाडी होती, तेथे आकडे निर्णायक ठरू शकत नाहीत. मत देणाऱ्याच्या जिवाचे रक्षण कोणी केले, हा खरा प्रश्न होय. १८७६ मध्ये क्रुकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची दोषसिद्धी रद्द केली आणि चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी व्यक्तींना नव्हे, असा अर्थ लावला.

निष्कर्ष :
महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केला, तेही वर्ष १८७३ हेच होते. फुल्यांनी गौरविलेली मुक्ती खरी होती, पण तिला संरक्षण नव्हते. मताधिकार देणे आणि तो टिकविणे यांतील हे अंतर दाखविणे, हीच या निवडणुकीच्या इतिहासलेखनाची कसोटी मानावी लागेल.