नगररचनेतील होलोग्राम : एक चिकित्सा (गुहागरच्या विशेष संदर्भात)

नियोजित वास्तू उभी राहण्यापूर्वी ती कशी दिसेल हे दाखविण्यासाठी नकाशा, लाकडी प्रतिकृती, संगणकीय चित्र आणि आता होलोग्राम अशी साधने वापरली जातात. शेवटच्या साधनाचे कौतुक पुष्कळ होते. चिकित्सा मात्र क्वचितच होते.

डेनिस गॅबर यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार होलोग्राममध्ये प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर त्याची कलाही व्यतिकरणाद्वारे नोंदली जाते. म्हणून पाहणारा बाजूला सरकला की वस्तूची झाकलेली बाजू दिसू लागते. परंतु प्रदर्शनांत व सभांत या नावाने जे दाखविले जाते ते बहुधा जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनच्या रंगमंचावर आणलेल्या तिरप्या काचेच्या युक्तीचेच रूप असते. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. नव्या इमारतीमुळे आपल्या अंगणातील ऊन अडेल काय, हा शेजाऱ्याचा प्रश्न असतो आणि सपाट प्रतिबिंबाला त्याचे उत्तर देता येत नाही.

२३ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत इंडिया गेटजवळील छत्रीत नेताजी सुभाषचंद्र बोस यांची २८ फूट उंचीची 'होलोग्राम' प्रतिमा उभारण्यात आली. ती पारदर्शक पडद्यावरील प्रक्षेपण होती. ग्रॅनाइटचा पुतळा बसविण्याचे आधीच घोषित झाले होते व ८ सप्टेंबर २०२२ रोजी त्याचे अनावरणही झाले. म्हणजे प्रतिमा निर्णयापूर्वी लोकांसमोर मांडलेला प्रस्ताव नव्हती, झालेल्या निर्णयाची ती जागा राखत होती.

गुहागरसारख्या गावी या साधनाची कसोटी अधिक कठीण आहे. वरचा पाट, खालचा पाट अशी ही वस्ती किनाऱ्याला समांतर पसरलेली आहे. पुढे रस्ता, मग जांभ्याचे घर, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि त्यापलीकडे समुद्र. येथे वास्तू एकटी नसते. तिच्यासोबत विहीर, पाणंद आणि शेजाऱ्याची वाडी असते. चित्रात मात्र आकाश निळे असते, रस्ता कोरडा असतो. तालुक्यातील अंजनवेल येथे द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल २०१३ मध्ये कार्यान्वित झाले तेव्हा लाटरोधक बांध अपूर्ण होता. परिणामी कित्येक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाजे लागू शकली नाहीत. आराखड्यातील टर्मिनल वर्षाचे बारा महिने उभे असते. समुद्र तसा नसतो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागविणे बंधनकारक आहे. पण रंगीत पट्ट्यांचा तो नकाशा सामान्य खातेदाराला वाचता येत नाही (अनेकदा सुशिक्षितालाही नाही!). होलोग्रामचा खरा उपयोग येथे संभवतो. मात्र तो विक्रीच्या दालनात न ठेवता हरकतींच्या सुनावणीत ठेवावा लागेल आणि त्यातील दृश्य रस्त्यावरून नव्हे, तर वाडीच्या मागच्या गडग्यावरून, आषाढातील उधाणाच्या भरतीसह दाखवावे लागेल.