मस्ती, छेड़छाड़, चाळे

दूधविनायकाच्या आमच्या घरात मराठी बोलली जाते, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि माझे पोट इंग्रजीच्या अनुवादावर चालते. त्यामुळे एखादा शब्द अडला की तो मी तिन्ही भाषांत फिरवून पाहते. अलीकडे अडला तो ‘हॉर्सिंग अराउंड’.

अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा माजी प्रशिक्षक जेरी सँडस्की जून २०१२ मध्ये मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या ४५ आरोपांत दोषी ठरला. विद्यापीठानेच नेमलेल्या लुई फ्री यांच्या चौकशीचा अहवाल जुलैत आला. त्यातली काही पाने मी मराठीत करत होते. फेब्रुवारी २००१ मध्ये माइक मॅक्वेरी या तरुण सहायकाने सँडस्कीला एका लहान मुलाबरोबर शॉवरखाली पाहिले आणि मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो यांना सांगितले. गोष्ट पायरीपायरीने अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांच्यापर्यंत गेली. आपल्या कानी आले ते ‘हॉर्सिंग अराउंड’ एवढेच, असे स्पॅनियर सांगत राहिले. तो मुलगा कोण, हे कोणी शोधले नाही.

मला राग आला आणि मी त्या शब्दांसाठी ‘अश्लील चाळे’ लिहिले. दुसऱ्या दिवशी ते खोडले. जो खरेपणा या अधिकाऱ्यांनी दाखवला नव्हता, तो मी त्यांच्या तोंडी घालत होते. तिथे ‘मस्ती’च हवे. ते बोथट वाटते, पण तो बोथटपणा हाच पुरावा आहे.

त्याच पत्रव्यवहारात सरकारी खात्याला न कळवता सँडस्कीशीच बोलण्याच्या बेताला स्पॅनियर माणुसकीचा मार्ग म्हणतात. धोका एकच नोंदवतात: त्याने ऐकले नाही, तर न कळवल्याबद्दल आपण ‘व्हल्नरेबल’ ठरू. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली जखम आहे. जखम होऊ शकेल असे त्यांना दिसले ते विद्यापीठ, मूल नव्हे. मुलांची सुरक्षितता धोक्यात घातल्याबद्दल २०१७ मध्ये स्पॅनियर दोषी ठरले.

हे वाचून अमेरिकेकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण हिंदीत याच गोष्टीला ‘छेड़छाड़’ म्हणतात. त्यातही खोडी आहे, खेळ आहे. १९९० साली पंचकुल्यात १४ वर्षांच्या रुचिका या टेनिसपटूने हरियाणा लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्ष आणि पोलीस महानिरीक्षक एस. पी. एस. राठोर यांच्याविरुद्ध तक्रार केली. शाळेने तिला काढले; कारण दाखवले थकलेल्या फीचे. १९९३ मध्ये तिने आत्महत्या केली. राठोर पुढे राज्याचे पोलीस महासंचालक झाले. २००९ मध्ये न्यायालयाने सुनावलेली पहिली शिक्षा होती सहा महिने कैद आणि हजार रुपये दंड. ती नंतर वाढलीही, पण खोडीच्या मापाची ती पहिली शिक्षा मी विसरू शकत नाही.

आणि मी खोडलेले ‘चाळे’? चाळे मुले करतात, माकडे करतात. कायद्याच्या मराठीतला ‘विनयभंग’ त्याहून चमत्कारिक: भंग पावतो तो पीडितेचा विनय, करणारा वाक्यातून नाहीसा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. शाळेने पोलिसांना का कळवले नाही, असे उच्च न्यायालयाने विचारले. खरे तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने हे कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण कळवायचे तर आधी त्या कृत्याला नाव द्यावे लागते. संस्था तिथेच अडते. ‘प्रकार’, ‘गैरवर्तन’, ‘घडले ते दुर्दैवी’ असे म्हटले की कळवण्याजोगे काही उरतच नाही.

म्हणून आता मी दोन नियम पाळते. दुसऱ्याने झाकले असेल तर त्याचे झाकण अनुवादात जसेच्या तसे ठेवायचे, वाचकाला दिसेल असे. आणि वाक्य माझे स्वतःचे असेल, तर लैंगिक अत्याचार म्हणायचे, आणि कर्ता लिहायचा.