बेणारेची न नोंदलेली साक्ष

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. तेव्हापासून अविवाहित मातेची शोकांतिका ही त्याची ओळख रूढ झाली. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. लीला बेणारेवरील पहिला आघात प्राध्यापक दामल्यांचा नव्हे. ती जेमतेम चौदा वर्षांची असताना तो आईच्या भावाकडून झालेला आहे. या आघाताला नाटकात कोणते स्थान मिळते, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

अभिरूप न्यायालयात ही हकीकत कर्णिकाच्या तोंडून, तीही ऐकीव माहिती म्हणून येते. मामाने काय केले, असा प्रश्न तेथे कोणीही विचारीत नाही. या बाईचे वळण पहिल्यापासूनच असे, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो. म्हणजे अपराध तिच्यावर घडला आणि त्याचा पुरावाही तिच्याविरुद्धच झाला. नाटक रंगभूमीवर आले त्या वेळी सोळा वर्षांखालील मुलीची संमती भारतीय दंडविधानात ग्राह्य नव्हती. परंतु वकील म्हणवणाऱ्या सुखात्म्यांना त्याची आठवण होत नाही. ही केवळ रंगभूमीवरील विपर्यस्त कल्पना नव्हे. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीचे चारित्र्य वादाचा विषय करण्याची मुभा आपल्या पुराव्याच्या कायद्यात २००३ पर्यंत होती.

यावर एक आक्षेप संभवतो. बेणारे स्वतःच त्या संबंधाला प्रेम म्हणते. मामाला ती दोष देते तो पळून जाण्याबद्दल. मग त्याला अत्याचार म्हणण्याचा समीक्षकाला अधिकार काय? माझ्या मते, येथे शब्द तिचे असले तरी ते तिने निवडलेले नाहीत. कडक शिस्तीच्या घरात त्या मुलीला स्वतःच्या शरीराविषयी बोलण्यासाठी दुसरी भाषाच कोणी दिलेली नव्हती. ज्या शाळेत ती पुढे शिक्षिका झाली, त्या शाळेनेही तिला बडतर्फीखेरीज काही दिले नाही.

शिक्षणक्षेत्राला दुसरा मार्ग नव्हता असे नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधि-अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर स्त्री-संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अध्यापकाचे काम वर्गाच्या दारापाशी संपत नाही, हे त्या पत्राने दाखविले.

नाटकातील समाज मात्र याच्या नेमका उलट वागतो. बेणारे पोंक्षे व रोकडे यांच्याकडे आधार मागते. तेच पुढे तिच्याविरुद्ध साक्षीदार होतात. आधार मागणे हाच तेथे गुन्ह्याचा पुरावा ठरतो. भोळ्या सामंताच्या मनात करुणा आहे. पण खटल्यात त्याचीही साक्ष एका कादंबरीतून उचललेली असते. अखेरीस तो कापडी पोपट तिच्याजवळ ठेवून जातो, तेवढीच सहानुभूती तिच्या वाट्याला येते.

बचावासाठी तिला दहा सेकंद मिळतात. सारे गोठून उभे असताना तिचे प्रदीर्घ स्वगत होते, आणि न्यायालयाच्या लेखी ती काहीच बोललेली नसते. तिची साक्ष कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही. ती ऐकतो केवळ प्रेक्षक. त्यामुळे पडदा पडल्यावर नाटकातील खटला संपला, तरी ऐकणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. वर्गात हे नाटक शिकविताना मामाचा प्रसंग ‘पूर्वायुष्य’ या एका शब्दात उरकणारा अध्यापक नकळत काशीकरांच्याच पंक्तीला जाऊन बसतो.